रस्ता नाल्यापाशीच का थांबतो?

राज्यातील २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका अखेर डिसेंबर २०२५ मध्ये पार पडल्या. बहुतेक ठिकाणी २ डिसेंबरला, काही ठिकाणी २० डिसेंबरला मतदान झाले आणि २१ तारखेला निकाल लागले. त्याआधी यातील अनेक शहरांवर चार-चार वर्षे प्रशासक बसलेले होते. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे असे भारतीय संविधानाचे अनुच्छेद २४३-यू स्पष्ट शब्दांत सांगते. पण ओबीसी आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचनेचे घोळ पुढे करून या अनुच्छेदाला गुंडाळून ठेवण्यात आले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खडसावले आणि नंतर ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत घालून दिली, तेव्हा कुठे सरकारला लोकशाहीची आठवण झाली.

आता नगराध्यक्ष आले, नगरसेवक आले. हार-तुरे झाले. आणि हार सुकायच्या आत दोन घोषणा जवळपास प्रत्येक नगरपरिषदेतून ऐकू आल्या. शहरातील रस्ते चकाचक करू आणि शहर स्वच्छ करू. एकीकडे नारळ फोडून भूमिपूजन, दुसरीकडे हातात नवाकोरा झाडू घेऊन फोटो. या दोन्ही घोषणांना कोणी विरोध करणार नाही. रस्ता कोणाला नको आहे? पण चळवळीच्या माणसाने दोन साधे प्रश्न विचारलेच पाहिजेत. रस्ता कुठून कुठपर्यंत होणार? आणि फोटो काढून झाल्यावर तो कचरा प्रत्यक्षात कोण उचलणार?

आपल्याकडे दिल्लीच्या राजकारणावर तासन् तास चर्चा होते. आघाडी कोणाशी करावी, कोणी कोणाला विकले, यावर चहाच्या टपरीवर भांडणे होतात. मात्र आपल्या नगरपरिषदेच्या मागच्या सर्वसाधारण सभेत कोणते ठराव झाले हे विचारले तर दहापैकी नऊ कार्यकर्ते गप्प बसतात. गटार आणि खडी हे विषय आपल्याला क्षुल्लक वाटतात. बाबासाहेबांना ते क्षुल्लक वाटले नव्हते.

महाडचा संग्राम आपण पाण्याचा संग्राम म्हणून सांगतो, मानवमुक्तीचा संग्राम म्हणून सांगतो, आणि ते खरेच आहे. पण वकिलाच्या नजरेने त्याकडे पाहिले तर तो एका छोट्या शहराच्या नगरपालिकेने केलेल्या ठरावाच्या अंमलबजावणीचा लढा होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सरकारी खर्चाने बांधलेली किंवा चालवली जाणारी सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत. सुरबानाना टिपणीस यांच्यासारखी समतावादी माणसे महाडात होती. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. ठराव इतिवृत्तात नोंदला गेला, आणि पुढची तीन वर्षे तिथेच पडून राहिला. ठराव होता, पण एकाही अस्पृश्याच्या ओंजळीत त्या तळ्याचे पाणी आले नाही. तो कागद घेऊन बाबासाहेब २० मार्च १९२७ रोजी हजारो लोकांसह तळ्यापर्यंत चालत गेले.

पुढे काय झाले ते प्रत्येक भीमसैनिकाला पाठ आहे. सभेवरून परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. आणि मग सवर्णांनी तळ्याची 'स्वच्छता' केली. दही, दूध, शेण, गोमूत्र भरलेल्या १०८ घागरी मंत्रोच्चारात तळ्यात बुडवण्यात आल्या आणि तळे शुद्ध झाल्याचे जाहीर करण्यात आले. ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती ते तळे माणसाच्या स्पर्शाने घाण झाले आणि शेणाने स्वच्छ झाले! या देशात स्वच्छता या शब्दाला दोन अर्थ आहेत हे तेव्हापासून लक्षात ठेवले पाहिजे. एक अर्थ आरोग्याचा, दुसरा विटाळाचा. आजही एखाद्या नगरपरिषदेचा पदाधिकारी 'शहर स्वच्छ करायचे' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात कचरा आहे की वस्ती, हे तपासून घ्यावे लागते.

महाड नगरपालिकेने पुढे काय केले याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिने आपलाच ठराव रद्द केला. बोले ठरावाला बरोबर चार वर्षे पूर्ण झाली त्याच तारखेला! डिसेंबरात तळे ही स्पृश्यांची खासगी मालमत्ता आहे असा दावा महाडच्या न्यायालयात दाखल झाला, १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला, आणि तो दावा लढता लढता १७ मार्च १९३७ उजाडला. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. अस्पृश्यांना वगळण्याची प्राचीन रूढी वादींना सिद्ध करता आली नाही. एका नगरपालिकेच्या एका ठरावामागे दहा वर्षे! नगरपालिकेचे कामकाज क्षुल्लक असते तर विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसाने तिथे आपले आयुष्य का खर्च केले असते?

आता आजच्या रस्त्याकडे येऊ. नगरपरिषदेचा रस्ता डांबराने तयार होण्याआधी कागदावर तयार होतो. नगर अभियंता अंदाजपत्रक करतो, सभेत प्रशासकीय मान्यतेचा ठराव होतो, तांत्रिक मान्यता येते, निविदा निघते, कार्यारंभ आदेश दिला जातो, आणि काम झाल्यावर त्याची मोजमाप पुस्तिकेत नोंद होते. कामगार आणि ठेकेदार या पुस्तिकेला एम.बी. म्हणतात. बिल निघते ते ठरावावर नाही, एम.बी.वर निघते. आणि खरी गंमत या दोन कागदांच्या मध्ये असते. ठरावात लिहिलेले असते, 'मुख्य चौक ते बुद्धविहार'. एम.बी.त मोजलेले असते, 'मुख्य चौक ते नाला'. नाल्याच्या पलीकडे आपली वस्ती असते.

असे एक प्रकरण काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. गावाचे नाव घेत नाही, कारण अशी गावे इतकी आहेत की एकाचेच नाव घेणे बाकीच्यांवर उपकार केल्यासारखे होईल. वस्तीतल्या बायाबापड्या सांगत होत्या की अॅम्ब्युलन्स नाल्यापाशी थांबते, तिथून बाळंतिणीला चालत न्यावे लागते. नगरपरिषद म्हणत होती की रस्ता तर केव्हाच झाला, ठराव बघा. आम्ही माहितीच्या अधिकारात ठराव आणि एम.बी. दोन्ही मागितले आणि शेजारी शेजारी ठेवले. उरलेला निधी 'तातडीची निकड' म्हणून बाजारपेठेतल्या पेव्हर ब्लॉकवर खर्च झाला होता. त्यात चोरी अशी कुठेच नव्हती. प्रत्येक कागदावर सही होती, शिक्का होता. कोणीही शिवी दिली नाही, कोणी हात उगारला नाही, अॅट्रॉसिटीचे एकही कलम लागू शकले नसते. आजच्या नगरपरिषदेत जातिभेद असाच, सही-शिक्क्यानिशी होतो.

यावर अधिकाऱ्यांचे एक ठरलेले उत्तर असते. 'तुमच्या वस्तीसाठी वेगळा निधी येतो ना!' म्हणजे पूर्वीची नागरी दलित वस्ती सुधार योजना, जी आता लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या नावाने चालते. हा निधी मूळ विकासाला जोड म्हणून आहे. सर्वसाधारण निधी, नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण कामांचे अनुदान, वित्त आयोगाचे अनुदान या सर्वांत वस्तीचा नागरिक म्हणून जो वाटा आहे, त्याच्या जागी हा निधी नाही. पण व्यवहारात काय होते? नगरपरिषदेचा सगळा मूळ निधी गावठाणात आणि नव्या लेआउटमध्ये जातो, आणि वस्तीला सांगितले जाते की तुमचे पैसे आले की तुमचा रस्ता करू. घरपट्टी मात्र सगळ्यांकडून एकाच वेळी वसूल होते. २०२० च्या डिसेंबरात राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. चांगला निर्णय होता. पाटी बदलली, अंदाजपत्रकातील रकाना बदलला नाही.

आणि रस्ता नाला ओलांडून आलाच, तर तो कसा येतो तेही पाहा. जुना रस्ता न खोदता त्यावरच नव्या सिमेंट काँक्रीटचा थर टाकला जातो. दर पाच-सात वर्षांनी एक थर. खोदकामाचा खर्च वाचतो, ठेकेदार खूश, नगरसेवकाचा फलक लागतो. पण प्रत्येक थराबरोबर रस्ता वर जातो आणि घराचा उंबरठा खाली जातो. पहिल्याच मोठ्या पावसात रस्त्यावरचे पाणी चुलीपर्यंत येते. ज्यांची ऐपत आहे ते घराचा पाया उचलून घेतात. मोलमजुरी करणारी माऊली काय उचलणार? वाडग्याने पाणी उपसते. रस्त्याच्या कामात आधी गटार आणि मग रस्ता हा क्रम आहे, हे शाळेतल्या पोरालाही कळते. नगर अभियंत्यांना कळत नाही असे मी मानत नाही. गटार जमिनीखाली असते, त्याचे उद्घाटन करता येत नाही, एवढाच त्याचा दोष.

रुंदीकरणाची गोष्ट आणखी वेगळी. विकास आराखड्यातील रस्त्याची रेषा कागदावर सरळ असते, पण जमिनीवर ती बंगल्यापाशी वळते आणि झोपडीपाशी सरळ होते. बुलडोझरच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला, पंधरा दिवसांची नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय घर पाडता येणार नाही असे सांगितले, तेव्हा आपल्यात आनंद झाला. पण तो निकाल शेवटपर्यंत वाचला पाहिजे. सार्वजनिक रस्ता, पदपथ, रेल्वेलगतची जागा, नदी किंवा जलाशय यांवरील अनधिकृत बांधकामाला हे निर्देश लागू नाहीत असे त्यात म्हटले आहे. आणि आपली घरे नेमकी कुठे आहेत? रस्त्याकडेला आणि नाल्याकाठी. म्हणून १९८५ चा ओल्गा टेलिस निकाल आजही आपल्या वकिलांनी हाताशी ठेवावा. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि हटवण्यापूर्वी म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, हे त्यात मान्य झालेले आहे. त्याच निकालाने शेवटी पदपथावरची घरे हटवू दिली, हेही विसरता येत नाही.

आता स्वच्छतेकडे. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झाले, २०१६ पासून स्वच्छ सर्वेक्षण सुरू झाले, राज्यात माझी वसुंधरा अभियान आले. १ ऑक्टोबर २०२३ रोजी तर देशभर 'एक तारीख, एक तास' श्रमदान झाले. यातून काहीच झाले नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत कराड २०२० मध्ये, विटा २०२१ मध्ये आणि सासवड २०२३ च्या सर्वेक्षणात देशात पहिले आले. छोट्या नगरपरिषदेला मनात आणले तर जमते, हे या शहरांनी दाखवून दिले. त्यामुळे 'आमची क वर्ग नगरपरिषद, आमच्याकडे माणसे नाहीत, पैसे नाहीत' हे रडगाणे आता चालायचे नाही.

पण एक तासाचे श्रमदान करणारा एक तासाने हात धुऊन घरी जातो. बाकीचे तेवीस तास कोणाचे? केंद्र सरकारच्याच नमस्ते योजनेत गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्या कामगारांची नोंदणी सुरू झाली. २०२४ मध्ये त्यातील सुमारे ३८ हजार कामगारांची माहिती समोर आली. त्यातील सुमारे ९२ टक्के कामगार अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गातील निघाले. एकट्या अनुसूचित जातींचे जवळपास ६९ टक्के. हे आकडे चळवळीच्या कोणा कार्यकर्त्याने काढलेले नाहीत, सरकारने काढले आहेत. मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जाळली गेली, पण आरोग्य विभागाच्या हजेरीपटावर ती अजून जशीच्या तशी आहे.

झाडू हातात घेऊन फोटो काढणाऱ्यांना संत गाडगेबाबांची फार आठवण येते. गाडगेबाबा सकाळी गाव झाडत आणि रात्री कीर्तनात त्याच गावाच्या डोक्यातली जात झाडत. त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. त्यांचा झाडू घेतला आणि कीर्तन मात्र सोडून दिले, असा हा प्रकार आहे.

बाबासाहेबांनी १९३५ मध्ये मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला. सफाई हे पवित्र सेवाकार्य आहे, म्हणून भंग्याने संप करू नये, असे सांगणाऱ्या गांधीजींच्या भूमिकेवर त्यांनी पुढे सडकून टीका केली. त्यांचे म्हणणे सरळ होते. हे काम म्हणजे नोकरी आहे, आणि नोकरीला पगार, रजा, निवृत्तीवेतन आणि संपाचा हक्क असतो. पुण्य म्हटले की पगार विचारता येत नाही. मुंबईत तर याची कमाल झाली. कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांना महापालिकेने 'स्वयंसेवक' ठरवले आणि त्यांच्या मजुरीला मानधन म्हटले. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्यावर शिक्कामोर्तब केले. सेवा, श्रमदान, स्वयंसेवक हे गोड शब्द ऐकले की आपल्या माणसाने आधी हजेरीपट मागावा तो यासाठी.

छोट्या नगरपरिषदांत आता बहुतेक सफाई ठेक्यावर आहे. घंटागाडी ठेकेदाराची, मुकादम ठेकेदाराचा, आणि कामगार आपल्या वस्तीतला. हातमोजे पहिल्या महिन्यात मिळतात, बूट स्वच्छ सर्वेक्षणाचे पथक येणार असेल तेव्हा. पगाराची तारीख विचारू नये. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगारांच्या वारसांना नोकरीचा जो हक्क दिला, २४ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने ज्याच्या तरतुदी एकत्र केल्या, तो कायम पदावरच्या कामगाराला आहे. पदच भरले नाही तर वारसा कशाचा? आपल्यातले काही विचारवंत म्हणतात की बरेच झाले, बापाचा झाडू पोराने का घ्यावा? प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनी घाणीची कामे सोडायला सांगितली होती. पण ठेकेदारीने झाडू सुटला का? झाडू त्याच हातात राहिला, फक्त पगार गेला, पेन्शन गेली, पोराच्या शिक्षणाचा पैसा गेला. पोराला वकील करायचे असेल तर बापाचा पगार महिन्याच्या एक तारखेला झाला पाहिजे, हे मी सफाई कामगारांच्या घरांतून शिकलेल्या अनेक मित्रांकडे पाहून सांगतो.

याबाबत एक नवा कायदेशीर मुद्दा आहे, तो कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९७० चा कंत्राटी कामगार कायदा गेला. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत असे म्हटले आहे की आस्थापनेच्या मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार लावता येणार नाहीत. सफाई आणि कचरा उचलणे हे मुख्य काम धरायचे नाही, असेही तिथेच म्हटले आहे. पण त्याला एक अट जोडलेली आहे, ती म्हणजे 'आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल तर'. नगरपरिषद कशासाठी स्थापन झालेली आहे? १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमाचे कलम ४९ उघडा. सार्वजनिक रस्ते आणि जागा स्वच्छ ठेवणे हे नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्य म्हणून त्यात आहे. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीतील अठरा विषयांत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि घनकचरा आहे, रस्ते आणि पूल आहेत, आणि दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षणही आहे. कापड गिरणीत झाडलोट हे दुय्यम काम असेल, नगरपरिषदेत ते मुख्यच काम आहे. जे काम रूढीने ठेकेदारामार्फतच होते त्याला संहितेने सूट दिली आहे, आणि तीच पळवाट समोरचे वकील वापरणार, यात शंका नाही. पण लढायला जागा आहे. आणि ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने, म्हणजे नगरपरिषदेने द्यायचा, ही जबाबदारी नव्या संहितेतही कायम आहे.

सेप्टिक टाकीत माणूस उतरवण्याबद्दल तर वाद घालण्याचेही कारण नाही. २०१३ चा कायदा ६ डिसेंबर २०१३ रोजी, महापरिनिर्वाणदिनीच अंमलात आला. सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा टाकीत माणूस उतरवणे हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अनुसूचित जातीच्या माणसाला हाताने मैला उचलायला लावणे हा अॅट्रॉसिटी कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीनंतर कलम ३(१)(जे) खालीही गुन्हा आहे. मृत्यू झाल्यास नुकसानभरपाई २०१४ च्या निकालाने दहा लाख होती, ती २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीस लाख केली; कायमचे अपंगत्व आल्यास किमान वीस लाख. तरीही मृत्यूनंतर ठेकेदार पाच-पन्नास हजार हातावर ठेवतो, आपल्यातलाच एखादा पुढारी मध्यस्थी करतो, आणि जबाबात लिहिले जाते की मयत पाय घसरून पडला.

पुढाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर बोलून घेऊ. राखीव प्रभागातून आपला माणूस निवडून येतो. पाच वर्षांत तो काय मागतो? वस्तीला कमान मागतो, चौकाचे सुशोभीकरण मागतो, हायमास्ट दिवा मागतो. कमान हवीच, बाबासाहेबांचे नाव झळकायलाच हवे. पण कमानीखालून गटाराचे पाणी वाहत असेल तर त्या नावाचा मान राखला जातो काय? आणि काही ठिकाणी तर नाल्यापाशी रस्ता थांबवणारा ठेकेदार नगरसेवकाचाच मेव्हणा निघतो. प्रस्थापित पक्षांना असा नगरसेवक फार आवडतो. तो सभेत हात वर करतो आणि इतिवृत्त वाचत नाही. ज्यांनी राखीव जागा दिल्या त्या संविधानाने अनुच्छेद २४३-डब्ल्यू मध्ये नगरपालिकांना आर्थिक विकास आणि सामाजिक न्याय यांसाठी योजना करण्याचे कामही दिले आहे. तो राखीव जागेवरचा माणूस या दुसऱ्या कामासाठी सभागृहात पाठवलेला आहे. शिवाय संविधानाने वॉर्ड समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख आणि त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत. छोट्या शहरातील नागरिकाला नगरसेवकाखेरीज दुसरा दरवाजाच नाही. म्हणून इथे नगरसेवक विकला गेला तर वस्ती मुकी होते.

मग करायचे काय? मोर्चा काढावा, जरूर काढावा. पण मोर्च्याच्या निवेदनाला ठरावाची प्रत आणि एम.बी.ची प्रत जोडलेली असावी. नगरपरिषद पैसे नाहीत म्हणेल, तर तिला रतलामची आठवण करून द्यावी. मध्य प्रदेशातील रतलाम हे तसे मध्यम शहर. तिथल्या एका वॉर्डातील रहिवासी उघडी गटारे, कारखान्याचे सांडपाणी आणि रस्त्यावरची घाण याला कंटाळून नगरपालिकेविरुद्ध दंडाधिकाऱ्याकडे गेले. दंडाधिकाऱ्याने गटारे बांधा असा हुकूम केला. नगरपालिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली. तिचे म्हणणे होते की तिजोरीत पैसे नाहीत, आणि या लोकांना तिथली घाण माहीत असताना ते स्वतःहून तिथे राहायला गेले. वस्तीबद्दल हेच वाक्य आपण किती वेळा ऐकले आहे! २९ जुलै १९८० रोजी न्या. कृष्ण अय्यर यांनी ही दोन्ही कारणे फेटाळली. पैसे नाहीत हे सांगून नगरपालिकेला आपल्या मूलभूत कर्तव्यातून सुटता येणार नाही, असा तो निकाल आहे. रहिवाशांनी वापरलेले फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ झाले आहे. अर्ज उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या प्रांत कार्यालयात करायचा आहे. तुंबलेले गटार, खचलेला रस्ता, वस्तीशेजारी टाकलेला कचरा, या सगळ्यासाठी तो चालतो. खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख आणि जखमी झाल्यास पन्नास हजार ते अडीच लाख भरपाई द्यावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला, तोही जवळ ठेवावा. आणि एखादा ठराव उघडउघड जनहिताविरुद्ध असेल तर १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ३०८ खाली तो तहकूब करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. मुदत न दवडता त्यांच्याकडे जावे.

माहितीचा अधिकार म्हणजे फक्त झेरॉक्स मागण्याचा अधिकार असा आपल्याकडे समज झालेला आहे. २००५ च्या कायद्याचे कलम २(जे) वाचा. त्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क आहे. तुमच्या वस्तीत काँक्रीट पडत असतानाच अर्ज करा. अर्जाला दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तोही लागत नाही. नमुना अधिकाऱ्याच्या सहीने बंद करून घ्या आणि एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. आपली पोरे आता अशा महाविद्यालयांत शिकतात, काही शिकवतातही. तीस दिवसांत माहिती दिली नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील, त्याच नगरपरिषदेतील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे. अर्जात चार गोष्टी नेमक्या लिहाव्यात: ठरावाचा क्रमांक आणि तारीख, कार्यारंभ आदेश, एम.बी.ची संबंधित पाने, आणि दोष दायित्वाचा कालावधी किती. या चौथ्या गोष्टीचा अर्थ असा, की त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. हे बहुतेक वस्त्यांत कोणाला माहीत नसते, आणि म्हणून त्याच रस्त्याचे दुसरे बिल निघते.